सुबोधची किडनी

प्रेमाताईंना किडनीपेक्षा मुलगा परत हवा होता. पण हे मुलुंडच्या डॉक्टरबाईंना कसं सांगणार?

काही वर्षांपूर्वी सुबोध संघमित्राला पहिल्यांदा घरी घेऊन आला. मुलगी बौद्ध. प्रेमाताईंनी हसतमुखाने चहा दिला आणि ती उठायच्या आतच तिचा कप वेगळा काढून मोरीच्या कडेला ठेवला. सुबोधने पाहिलं. त्याने लग्न केलं, घाटकोपरला बिऱ्हाड थाटलं आणि आईच्या दारात पुन्हा पाऊल टाकलं नाही. आईच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्याचं कळल्यावर मात्र तडक आला, "माझी घे" म्हणाला. तपासण्यांच्या निमित्ताने मायलेक शेजारी शेजारी बसू लागले, आणि प्रेमाताई चक्क आजारपणावर खूश झाल्या!

आज डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "याची किडनी नाही चालणार. तुमच्या रक्तात याच्या पेशी मिसळून पाहिल्या. रक्ताने त्या मारून टाकल्या."

"अहो, पण पोटचा पोर आहे माझा!"

"म्हणूनच तर. बाळ अर्धं वडिलांचं, म्हणजे आईच्या शरीराला परकंच. गरोदरपणात वारेतून काही प्रथिनं तयार होतात, ती शरीराच्या पहारेकऱ्यांना शांत ठेवतात. बाळंतपण झालं की ती ओसरतात. पण बाळाच्या पेशी तोवर आईच्या रक्तात आलेल्या असतात. तुमच्या शरीराने त्या ओळखून ठेवल्यात. यात तुमचा काही दोष नाही."

दोष नाही म्हटल्यावर प्रेमाताईंना जास्तच लागलं. रक्त काही त्यांना विचारून वागलं नव्हतं. तो कप मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने उचलला होता.

डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेर आल्यावर सुबोध म्हणाला, "किडनीसाठी यादीत नाव घालू, आई. तोवर डायलिसिस आहेच ना." तो रिक्षा बघायला निघाला. तपासण्या संपल्या, आता हा परत कशाला येईल? प्रेमाताईंनी त्याचं मनगट धरलं, आणि इतकी वर्षं न बोललेलं गावच्या बोलीत बाहेर पडलं.

"माझा चुकला रे झिला. तिका घेवन ये. मी तिची माफी मागतंय."

सुबोध मागे वळला.

"ती यायची, आई. दर तपासणीला. खाली बाकड्यावर बसून राहायची, तू कधीतरी विचारशील म्हणून."

"मग बोलव ना वर!"

"आज नाही आली. सकाळी म्हणाली, तूच जा, मला आता नको."

प्रेमाताई तिथेच खुर्चीत बसल्या. "सून कशी आहे रे," एवढं विचारायला काय जात होतं आपलं?