घरचा ट्रान्सफॉर्मर

रेडिओवाल्यांच्या टेबलावर तीन आठवडे तीन ट्रान्सफॉर्मर ठाण मांडून बसले होते. काड्यापेटीएवढे लोखंडी ठोकळे, पण या घरात पाहुण्यांचंही एवढं कौतुक कधी झालं नसेल. एक नवाकोरा, मागवलेला. एक भंगारातल्या यंत्रातून काढलेला. तिसरा त्यांनी स्वतः, केसासारखी बारीक तार हजारो वेळा गुंडाळून बनवलेला.

ते घरीच बनवत असलेल्या माइकचं बाकी सगळं झालं होतं. पितळी नळीचं अंग, आत लालसर उजळणारी काचेची ट्यूब. पण ट्यूबमधला आवाज तसाच लांब वायरीवर सोडला तर वाटेतच मरतो. त्याला वायरीजोगा करून पुढे धाडायचं काम ट्रान्सफॉर्मरचं, आणि ते करताना प्रत्येक जण आवाजाला आपला थोडा रंग लावतोच. कोणता चांगला, हे शेवटी कानानेच ठरवायचं. आणि कान ही तर रेडिओवाल्यांची सगळी इस्टेट! चाळीस वर्षं त्यांनी नुसती खरखर ऐकून रेडिओचे बिघाड सांगितले होते. आपल्याला रोज गजराच्या आधी जाग येते, दोन वर्षांत घड्याळाला वाजायची वेळच आली नाही, हेही ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

माइक मुलीसाठी होता. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थेला तिला शनिवारपर्यंत आवाजाचा नमुना पाठवायचा होता.

"नवाच," रेडिओवाल्यांनी निकाल दिला. "भंगारातला ठीकठाक. घरचा तर घोंगडी पांघरून बोलतो. आपलं लेकरू म्हणून उगाच लाड नकोत."

मुलीने एक पान वाचलं, मग हेडफोन लावून ऐकलं. "छान आहे, बाबा," ती म्हणाली. पण या पोरीला खोटं बोलणं कधी जमलंच नव्हतं.

"काय ते सरळ सांग."

"'स' टोचतोय. 'श'सुद्धा. कानात सुई घातल्यासारखा."

"काहीतरीच!" रेडिओवाले उखडले. त्यांनी फडताळातून तपासणीचं यंत्र काढलं. चकती फिरवली की त्यातून निघणारा सूर शिट्टीसारखा उंच उंच होत जातो. सूर वर चढला, चढला, आणि बंद पडला. त्यांनी यंत्राला टपली मारली, आवाज वाढवला. काही नाही.

"यालाही आत्ताच मरायचं होतं."

"अहो, बंद करा ती शिट्टी!" स्वयंपाकघरातून बायको ओरडली. "डोकं उठलं नुसतं!"

रेडिओवाल्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने दोन्ही कान दाबून धरले होते. स्वयंपाकघराचं दार लावलेलं होतं. म्हणजे यंत्र वाजतच होतं.

बायको हात पुसत बाहेर आली. नवऱ्याचा चेहरा पाहून तिने यंत्र स्वतःच बंद केलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दोनेक वर्षं झाली असतील." ती खुर्ची ओढून बसली. "तुमचा गजर वाजला की मीच बंद करते. मग कपबशा जरा जोरात ठेवते."

"आणि सांगितलं नाहीस?"

"ज्या कानाचं जन्मभर कौतुक केलं, त्याची चुगली त्याच्याच मालकाकडे कशी करू?"

"मी माइक बाहेरून आणते, बाबा," मुलगी हळूच म्हणाली. एरवी यावर घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी. आता त्यांनी हेडफोन उचलून बायकोच्या डोक्यावर ठेवला.

"मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायला नकोच. ऐक नुसतं."

मुलगी तेच पान वाचत राहिली. रेडिओवाले ट्रान्सफॉर्मरच्या क्लिपा बदलत राहिले, आणि कोणता चालू आहे ते बायकोला सांगितलं नाही. तिसऱ्या खेपेला ती खुर्चीत सैल झाली.

"हा. ही आपली पोरगी. समोर बसून वाचतेय."

घरचा होता. रेडिओवाल्यांनी पुन्हा एकदा ऐकून पाहिलं. तीच घोंगडी. आपल्या कानाला न पटणारी वस्तू त्यांनी आयुष्यात कधी पक्की केली नव्हती. फार वाईट वाटत होतं. तरी त्यांनी सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि एकेक तार जोडली.

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच गजराच्या आधी जागे झाले. बायको पावलं न वाजवता आली, तिने उशाच्या घड्याळाचं बटण दाबलं आणि आत गेली. रेडिओवाले डोळे मिटून तसेच पडून राहिले. कपबशा वाजल्या, तेव्हा उठले.

"आजही गजराच्या आधीच!" त्यांनी आत हाक दिली.

बायकोने आणखी एक कप वाजवला.