गाडीपुढचं लिंबू

अठ्ठ्याहत्तर साली पुण्याच्या एका डॉक्टरांची दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार पौडला माझ्या गॅरेजात आली. चार दिवस माझी बायको मैमुना आत बसून ब्रेक दाबायची, मी खाली झोपून नळीतली हवा काढायचो, तरी पेडल लिबलिबीतच. सोमवारी गाडीनं माझं पिंप फोडलं, मंगळवारी शेजारच्या गेणबाची कडब्याची गंजी पाडली. मी दोनदा पाना भिरकावला.

शुक्रवारी पेडल दगडासारखं घट्ट लागलं. गेणबानं रिवाजाप्रमाणं चाकाखाली चिरडायला रस्त्यात लिंबू ठेवलं. मी लांबून सुसाट आलो आणि कचकन ब्रेक दाबला. गाडी लिंबापासून बोटभर अंतरावर थांबली.

"आरं, लिंबू चिरडायचं असतंय," गेणबा चिडला.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "ह्या गाडीच्या तावडीतनं सुटलेलं ते पहिलंच हाय."