मेंदीची बोटं

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडत होतं. गावची आशाताई दैवशाला हिनं हर्षालीच्या बोटाचं ऑक्सिमीटर काढलं, पुसलं, दुसऱ्या बोटाला लावलं. पुन्हा चौऱ्याऐंशीच.

लग्नाची हळद उतरायच्या आतच हर्षालीला ताप भरला होता. कोरोनामुळं लग्न अंगणातच, मोजक्या माणसांत लागलं; पण मेंदीत कुणी काटकसर केली नव्हती. हातापायांची सगळी बोटं टोकापर्यंत काळपट लाल.

"मेंदीनं हे यंत्र फसतं, मामी," दैवशाला म्हणाली. आशांच्या बैठकीत तसं सांगितलं होतं.

"म्हंजी व्हय?" सासू कमलबाई हसल्या. "तरी म्या म्हणलं, धाप कसली लागती. माहेर आठवत असंल."

हर्षालीही हसली. हसता हसता मध्येच थांबली, तोंड उघडून श्वास घेतला. दैवशालानं ते पाहिलं आणि पिशवीची चेन लावली.

बाहेर अंगणात दैवशालाची लेक राजी वाट पाहत बसली होती. सॅनिटायझरनं हात ओले, म्हणून दैवशाला फोन स्पीकरवर ठेवून तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलली. ऑक्सिजनची एकच खाट उरली होती. कुणाला पाठवताय, त्यांनी विचारलं. वरच्या आळीतल्या बलभीमआबांचा ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी होता. तिनं आबांचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलबाई दैवशालाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. डोईवरचा पदर खाली आलेला, सावरायचं भान नव्हतं.

"दैवशाला, पोरीचे व्हट निळे पडल्यात गं. हाक मारली तर ओ देईना."

डॉक्टर फोनवर म्हणाले, खाट नाही, पण आणा. खाली गादी टाकू, सिलिंडरचं बघतो. गाडी आली. नवऱ्यानं हर्षालीला उचलून आत ठेवलं. तिचा एक हात बाहेर लोंबत होता. दैवशालानं तो उचलून तिच्या पोटावर ठेवला आणि दार लावेपर्यंत धरून राहिली.

गाडी वळणाआड गेली. मागं राहिलेल्या कमलबाईंनी दैवशालाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"तू हायस म्हणून धीर हाय बग," त्या पुटपुटल्या.

राजीनं आईचा पदर ओढला.

"आई, काल डॉक्टरांनी खाट कुणाला द्यायची विचारलं, तवा तू आबांचंच नाव सांगितलंस. नव्या काकूचं का न्हाय सांगितलं?"

कमलबाईंनी खांद्यावरचं डोकं उचललं.