यशवंतरावांची पापणी

यशवंतराव देवतळे रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा त्यांचं अक्षर बारीक होत गेलं. वरुडच्या भावानं त्यांचं पत्र 'वाचता येत नाही' म्हणून परत धाडलं. उजवा हातही थरथरायचा. रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून शहरात मोठे डॉक्टर येऊ लागले होते. मुलगी यामिनी त्यांना शंकर नगरात डॉक्टर देवपुजारींकडे घेऊन गेली. त्या मूळच्या नागपूरच्या, मराठी बोलणाऱ्या.

डॉक्टरबाईंनी दोन भुवयांच्या मधोमध बोटानं हलकेच टिचक्या मारल्या. दर टिचकीला यशवंतरावांची पापणी लवली. पंधरा टिचक्या, पंधरा वेळा.

"राहता कुठे, काका?"

"गुढियारीत. लाइनीला लागूनच."

"मालगाडीचा आवाज येतो?"

"पहिले येत होता. आता कुठचा!"

"तेच. शरीराला सवय होते. चार-पाच टिचक्यांनंतर पापणीही लवायची थांबते. तुमची थांबून नाही राहिली."

पार्किन्सन, असं त्या म्हणाल्या. गोळ्या दिवसातून तीनदा, कायमच्या. बाकीचं यशवंतरावांनी ऐकलंच नाही. त्यांच्या डोक्यात पापणीच बसली.

घरी येताच त्यांनी यामिनीच्या कपाळावर टिचक्या मारल्या. तिची पापणी चौथ्या टिचकीला थांबली. बायकोची, विमलाबाईंची, तिसरीला.

"मग मलेच काहून सवय नाही होत?" ते म्हणाले. "चौतीस वर्षं मालधक्क्यावर काढली. पहाटेची ड्युटी, धूळ, साहेबाच्या शिव्या, साऱ्याची सवय झाली मले. याची नाही होणार?"

रोज सकाळी चहानंतर ते खुर्चीत ताठ बसत आणि विमलाबाई टिचक्या मारत. आपली पापणी आपल्याला दिसत नाही, म्हणून मोजायचं त्यांनीच.

"थांबली?"

"नाही."

"अजून मार."

महिन्याभरात कपाळावर लाल डाग पडला. यामिनी ऑफिसातून आली, तो पाहिला आणि चिडली. "बाबा, बस करो! ये आपके हाथ में नहीं है."

"तू चूप बस," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीत.

त्या सकाळी विमलाबाईंनी वीस टिचक्या मारल्या. डोळे उघडे धरून ठेवायच्या नादात यशवंतरावांची हनुवटी कापत होती, आणि पापणी लवतच होती.

"थांबली?"

विमलाबाईंचा हात खाली आला. "हव," त्या म्हणाल्या. "थांबली."

यशवंतराव उठले. तसेच पाय ओढत शेजारच्या साहूंना सांगून आले. दुपारी दोन घास जास्त जेवले. विमलाबाईंना वाटलं, टिचक्यांपासून सुटका झाली, बरंच झालं.

चौथ्या दिवशी सकाळी यशवंतरावांना अंथरुणातून उठता येईना. कूससुद्धा वळेना. पाय लाकडासारखे, मान आखडलेली, चेहराही गोठलेला. यामिनीनं गोळ्यांची पाकिटं पाहिली. तीन दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या.

"बाबा, गोळी काहून नाही घेतली?"

"पापणी... थांबली ना," ते पुटपुटले.

यामिनीनं आईकडे पाहिलं. मग डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं तशी एक गोळी चमच्यात विरघळवून तोंडात घातली, आणि ती रिक्षा आणायला धावली. विमलाबाई उशाशी बसल्या.

"अहो, मी खोटं बोलली. नाही थांबली ती. एकदाबी नाही थांबली. तुमचे हाल पाहवत नव्हते मले."

यशवंतरावांचा चेहरा हलला नाही. कपाळावर आठी नाही, ओठाला वळण नाही. रागावले, रडायला आलं, की ऐकूच गेलं नाही, काहीच कळेना. छत्तीस वर्षांच्या संसारात विमलाबाईंनी तो चेहरा कधी चुकीचा वाचला नव्हता.

"बोला ना काहीतरी," त्या म्हणाल्या. "शिव्या द्या."

अर्ध्या तासानं बोटं जरा सैल झाली. विमलाबाईंनी पाण्याचा पेला ओठांना लावला. निम्मं पाणी गळ्यावर सांडलं. पदरानं पुसता पुसता त्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या, आणि बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.