उजवीकडचा नळ

"इद्रीसभाई, जरा खाली या," हर्षदनं अंगणातून हाक मारली.

इद्रीस झाडगावातल्या एका जुन्या घराच्या छपरावर होता. सोलरच्या स्टँडचा पाय भिंतीवर टेकवायला त्यानं सहा कौलं उतरवून बाजूला रचली होती आणि उघड्या वाशावर गुडघा रोवून तो नट आवळत होता.

"बोल ना तिथनाच."

"नाही, खालीच या."

हर्षद सोलरचे बंब विकायचा आणि इद्रीस ते बसवायचा. दोन वर्षांत दोघांनी मिळून रत्नागिरीतल्या तीसेक घरांवर पाणी तापवायच्या टाक्या चढवल्या होत्या. एकदा गिऱ्हाईक ठरलं की हर्षद कामावर फिरकत नसे. आज भर दुपारी, मे महिन्याच्या उन्हात आला होता, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. इद्रीस शिडीवरून उतरला.

"खालच्या आळीतले बाबू तांडेल," हर्षद म्हणाला. "काल त्यांचे पाय भाजले. आपल्या सोलरच्या पाण्यानं. इस्पितळात आहेत."

"कुठला नळ सोडलान त्यांनी?"

"म्हणजे?"

"काय नाय. चल."

खालच्या आळीतलं ते काम त्यानं फेब्रुवारीत केलं होतं. चिऱ्याच्या भिंतींचं घर, मागे न्हाणीवर छोटा स्लॅब. बाबू तांडेल पूर्वी मच्छीमारी लाँचवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते, आता पंचाहत्तरीला आलेले. मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातले नऊ महिने बाहेर. घरात सून राजश्री आणि सासरे, दोघंच. राजश्री शाळेत शिकवायची. सकाळी बंब पेटवायची धावपळ नको म्हणून तिनं सोलर घेतला होता.

इद्रीसला ती न्हाणी नीट आठवत होती. छपरावरून गरम पाण्याचा पाइप उजव्या अंगाला उतरला होता. नियमाप्रमाणे गरम नळ डावीकडे हवा. त्यासाठी पाइप गार पाइपावरून पलीकडे न्यावा लागला असता आणि भिंतीला आणखी हातभर खाच पाडावी लागली असती. दोहाला अकरा वर्षं त्यानं पाइपफिटिंगच केलं होतं. तिथला फोरमन म्हणायचा, गरम डावा, थंड उजवा. माणसानं तोंडाला साबण लावलेला असतो, त्याला डोळे उघडायला लावू नका. शेकडो न्हाण्यांत इद्रीसनं तो नियम पाळला होता. पण त्या दिवशी चिरा काळा, कठीण लागला. छिन्नीला धार नव्हती आणि कंबर धरली होती. त्यानं गरम नळ उजवीकडेच बसवला. राजश्रीला दाखवलं, "वहिनी, ह्यो उजवा गरम. ध्यानात ठेवा." वर लाल रंगाचा ठिपका लावायला उद्या येतो म्हणाला होता. तो उद्या तीन महिन्यांत आला नव्हता.

इस्पितळात बाबूकाका उशाला टेकून बसले होते. दोन्ही पाय घोट्याच्या वरपर्यंत पट्ट्यांत होते. चेहऱ्यावर वेदना मात्र दिसत नव्हती.

"दुखता काय, काका?"

"दुखत नाय रे," ते म्हणाले. "साखरेनं पाय कधीचे मेलेत माझे. दुखला असता तर बादलीत ठेवून बसलो असतो काय?"

झालं होतं ते असं. राजश्री चुलतभावाच्या लग्नाला दोन दिवस लांज्याला गेली होती. बाबूकाकांचं जेवण शेजारी होतं. घरात पाणी कुणी वापरलं नाही आणि वर टाकीत ते उन्हानं उकळीला आलं. एरवी राजश्रीच त्यांना विसण घालून बादली काढून द्यायची. काल बंदरावरून फिरून आले, पायाला रेती लागली होती, म्हणून त्यांनी स्वतःच नळ सोडला.

"लेकीकडे ठाण्याला असतो ना मी अधनंमधनं. तिच्याकडे डावा गरम, उजवा गार. म्हटला उजवा सोडावा. हात लावून बघितला. गार होता. मग बादलीत पाय ठेवले नि नळ सोडून बसलो."

पाइपात साठलेलं पाणी पहिल्यांदा गारच येतं. गरम मागाहून. इद्रीसला हे सांगायची गरज नव्हती.

"चामडी पांढरी दिसली तवा कळला," बाबूकाका म्हणाले.

राजश्री खाटेच्या पायथ्याशी उभी होती. रात्रभराचं जागरण डोळ्यांत होतं.

"चूक माझी आहे, इद्रीसभाई," ती सासऱ्यांकडे बघत म्हणाली. "तुम्ही मला दाखवलं होतंत. मी अण्णांना कधी सांगितलंच नाही. लग्नाला जाताना एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर..." पदर तोंडाशी धरून ती खिडकीकडे वळली.

इद्रीस खाटेशी नुसता उभा राहिला.

बाहेर आल्यावर हर्षदनं मोटारसायकलला चावी लावली, पण सुरू केली नाही.

"हे बघा. वापरायची माहिती दिली म्हणून कागदावर बाईंची सही आहे. त्या स्वतःच म्हणतायत, चूक माझी. आपण काही बोलायचं नाही. अजून लोक भीतभीत घेतायत हे. एकदा गावात झालं की सोलरनं माणूस भाजला, की संपलं."

"नळ मी उलटा लावलेला हाय."

"ते तुम्हाला माहीत आणि मला माहीत. बस."

संध्याकाळी राजिवड्याला घरी इद्रीस जेवायला बसला आणि भाकरी मोडून तशीच ठेवली. बायकोनं, मैमुनानं, दोनदा बघितलं.

"सालनात मीठ कमी हाय काय?"

"नाय."

"मंग?"

त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा उतरवून बाजूला टाकली.

"तिला सांगितलाव?"

"नाय. तिथं बोलवलाच नाय माझ्याच्यानं."

"ती बाय आता सासऱ्याचा तोंड बघल नि रोज सोताला शिव्या घालील," मैमुना म्हणाली. "तुमी जेवा. उपाशी राहून त्याचे पाय बरे व्हनार नायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजश्री डबा न्यायला घरी आली असताना इद्रीस तिच्या दारात गेला. तिनं आत बोलावलं. तो सरळ न्हाणीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"वहिनी, गरम नळ डावीकडेच लावायचा असतो. सगळीकडे. मी इथं उजवीकडे लावला, भित्त फोडायचा कंटाळा केला म्हणून. काकांनी बरोबरच नळ सोडला होता. तुमची चूक नाय ती. माझी हाय."

राजश्रीनं त्याच्याकडे पाहिलं, मग नळांकडे. हातातला डबा तिनं ओट्यावर ठेवला.

"काल तुम्ही तिथे उभे होतात. मी तुमच्यासमोर रडले."

"हो."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

"हो."

"डॉक्टर म्हणतात, साखरेमुळे जखम भरेल की नाही सांगता येत नाही. बोटं जातील कदाचित. तुमचा कंटाळा!" तिचा आवाज चढला. "यांना जहाजावर फोन लागला तेव्हा मी काय सांगितलं, ठाऊक आहे? माझ्यामुळे झालं म्हणून सांगितलं. जा तुम्ही. जा इथून."

इद्रीस आणखीही काही बोलायचं ठरवून आला होता. हत्यारांची पिशवीही सायकलला अडकवून आणली होती, आत्ताच नळ बदलून देतो म्हणायला. पण ते त्यानं काढलंच नाही. चपला पायात सरकवून तो बाहेर पडला.

राजश्रीनं हर्षदच्या दुकानात जाऊन जे बोलायचं ते बोलून घेतलं. गिऱ्हाइकांपुढे. हर्षदनं तिची माफी मागितली आणि त्याच दिवसापासून चिपळूणहून दुसरा फिटर बोलवायला लागला. इद्रीसला त्यानं वाईटसाईट काही म्हटलं नाही. फक्त हाक मारायचं थांबवलं. झाडगावातलं अर्धवट कामही दुसऱ्यानंच पुरं केलं. इद्रीस पुन्हा घरोघरचे गळके नळ, तुंबलेल्या मोऱ्या, विहिरीवरचे पंप बघू लागला. लोकांना कळलं होतं. एकदोघांनी काम सांगता सांगता विचारलंही, "डावा-उजवा बघून लावशील ना रे?" तो हो म्हणायचा.

जूनमध्ये बाबूकाकांच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. इद्रीसला ते रिक्षास्टँडवर कळलं. तो इस्पितळापर्यंत गेला, फाटकाशी उभा राहिला आणि परत आला. दुसऱ्या दिवशी तसंच केलं. तिसऱ्या दिवशी मैमुना म्हणाली, "फाटकाला भेटायला जाताव काय?" मग त्यानं जाणं सोडलं.

ऑगस्टच्या शेवटी राजश्री स्वतःच त्याच्या दारात आली. छत्री मिटली, पण आत आली नाही.

"अण्णा घरी आलेत. नळ तसाच आहे. मी दुसऱ्या प्लंबरला बोलावलं होतं, अण्णांनी त्याला परत पाठवलं. म्हणतात, ज्यानं लावलाय त्यालाच बोलवा. माझा राग गेलेला नाही, इद्रीसभाई. पण ते ऐकत नाहीत."

"आत्ता येतो."

त्यानं भिंत फोडायला घेतली. बाबूकाकांनी न्हाणीच्या दाराशी खुर्ची ओढून घेतली आणि काठी मांडीवर आडवी ठेवून बघत बसले. चिरा तेवढाच कठीण होता. यावेळी छिन्नीला धार होती. खाच पुरी व्हायला दोन तास लागले.

इद्रीस पाइपाला आटे पाडत असताना बाबूकाका म्हणाले, "तुला कोणी विचारला होता काय रे?"

"काय?"

"नळ उलटा का लावलास म्हणून. कोणी विचारला होता?"

"नाय."

"मग सांगितलास कशाला? सुनेला म्हाईत नव्हता. मला म्हाईत नव्हता. तुजा धंदा गेला."

इद्रीसनं हातातला पाना खाली ठेवला.

"वहिनी सोताला बोल लावीत होती. ता बघवला नाय मला."

बाबूकाकांनी मान हलवली. गरम नळ डावीकडे बसला, गार उजवीकडे. इद्रीसनं डाव्यावर लाल ठिपका लावला आणि सुकेपर्यंत थांबला. सामान भरून निघाला तेव्हा म्हातारा पुन्हा बोलला. यावेळी त्याच्याकडे न बघता, भिंतीतल्या ओल्या सिमेंटकडे बघत.

"माझ्या लाँचवर एक खलाशी होता. धाकू. मिऱ्याचा. मी न बघता जाळा ओढायचा विंच चालू केला, त्याचा हात दोरात होता. चार बोटा गेली. मालकाला मी सांगितला, धाकू ताडी पिऊन होता. प्यायला नव्हता तो. कदी प्यायचाच नाय." त्यांनी मांडीवरची काठी सरळ केली. "मग त्याला कुठल्याच लाँचवर घेतलान नाय कोणी. पंचवीस वर्षां झाली."

"हायत काय ते अजून?"

"हाय म्हणतात."

राजश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं हे आधी कधी ऐकलं नसावं. ती आत गेली आणि जरा वेळानं चहाचे दोन कप घेऊन आली. एक सासऱ्यांना दिला, दुसरा इद्रीसच्या हातात.

पाऊस सरला. पायाची जखम भरली आणि बाबूकाका काठीच्या आधारानं आळीच्या तोंडापर्यंत जाऊ लागले. ऑक्टोबरात एका सकाळी त्यांनी इद्रीसला निरोप धाडला, जरा बाहेर जायचंय म्हणून. इद्रीस रिक्षा घेऊनच गेला. कुठं जायचं ते त्यानं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. रिक्षावाल्याला तेवढं म्हणाले, "मिऱ्या."

वाटेत बाबूकाका एकदाच बोलले. "काय बोलायचा असता रे पयला?"

"मी सरळ नळाचाच बोललो," इद्रीस म्हणाला. "दुसरा काय सुचला नाय."

धाकूचं घर सुरूच्या झाडांमागे होतं. पडवीत एक म्हातारी सुके बांगडे निवडत बसली होती. धाकूची बायको, गोदा. रिक्षातून उतरणाऱ्या माणसाकडे तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"कोण ता?"

"बाबू. बाबू तांडेल."

गोदाचे हात थांबले. तिनं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्यांच्या काठीकडे बघितलं, मग पायाकडे.

"पुळणीत गेलेत, दर्याच्या कडेला," ती म्हणाली. "कदी येतील सांगता येत नाय."

"बसतो मी."

ते पडवीच्या खालच्या पायरीवर बसले. गोदा पुन्हा बांगडे निवडू लागली. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं नव्हतं. "थांबू काय?" त्यानं विचारलं. इद्रीसनं बाबूकाकांकडे पाहिलं, मग त्याला जायला सांगितलं.

बराच वेळ गेला. मग सुरूंमधून एक माणूस येताना दिसला. सडपातळ, अंगात गंजीफ्रॉक, डाव्या हातात टोपली. उजवा हात अंगालगत दुमडलेला. पायरीवर कुणीतरी बसलंय हे त्याला दिसलं आणि त्याची चाल मंदावली.

बाबूकाकांनी काठी रोवली. भुसभुशीत रेतीत ती घसरली, त्यांनी पुन्हा रोवली. इद्रीसनं उठवायला हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही. तीन बोटांच्या पायावर भार देत ते हळूहळू उठले आणि तो माणूस अंगणात पोचायच्या आत उभे राहिले.