साडेसातवरचा बाण

माझ्या पोटात नखाएवढी एक पांढरी चकती आहे. तिच्यावर सहापासून दहापर्यंतचे आकडे आहेत आणि एक बारीक काळा बाण. हा बाण साडेसातवर असायला हवा. सोमवारी सकाळी तो आठवर होता.

मित्रांनो, मी एक जुना मोटर-स्टार्टर आहे. एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत, भिंतीवर, छातीच्या उंचीवर मला बसवलेलं आहे. हिरवं बटण दाबलं की मी कपडे धुण्याच्या मोठ्या मशीनच्या मोटरला वीज देतो, लाल दाबलं की तोडतो. एवढं तर साधं बटणही करेल, असं तुम्ही म्हणाल. पण माझं खरं काम संशय घेण्याचं आहे. मोटरकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेवर माझ्या पोटात तीन पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टी दोन वेगवेगळ्या धातूंची, एकमेकांना घट्ट चिकटवलेली. मोटरला काम जड जाऊ लागलं की ती जास्त वीज ओढते आणि पट्ट्या तापतात. एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि खटका पडतो. मोटर जळण्याआधी बंद होते. किती विजेपर्यंत गप्प बसायचं, हे ती चकती ठरवते. मोटरच्या पाटीवर साडेसात लिहिलेलं आहे, म्हणून बाणही साडेसातवर.

कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी अकरा वेळा माझा खटका पाडून पाहिला आणि मगच शिक्का मारला. इथे मला बसवलं ते बाबांनी. लाँड्री त्यांचीच. मोटरची तब्येत पाहण्याची त्यांची एक खास पद्धत होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग सुकलं की त्यांना कानातून कळे. आजूबाजूचे कारखानदार त्यांना मुद्दाम बोलावून नेत. पहिल्या वर्षी मी एकदा मोटर थांबवली, तेव्हा त्यांनी तसाच कान लावला, बेअरिंग बदललं आणि माझ्या झाकणावर थाप मारून म्हणाले, "शहाणा आहेस." तसं कौतुक नंतर कुणी केलं नाही.

यंदा मी वरचेवर खटका पाडू लागलो. मशीनमध्ये इस्पितळाच्या चादरी अर्ध्या धुतलेल्या, आणि मोटर बंद. सगळे माझ्यावर वैतागले. बाबा म्हणाले, मोटर लोण्यासारखी फिरतेय, हा डबाच म्हातारा झालाय, उगाच शंका काढतो.

आणि मग कुणीतरी माझा बाण सरकवू लागलं.

मला भीती वाटत होती ती खरी सांगतो. बाण दहावर गेला की मी मुका होणार. मोटर तापत राहणार आणि मी नुसता पाहणार. खोलीच्या कानाकोपऱ्यात सुती कापडाचे बारीक तंतू साचलेले, एका ठिणगीने पेटतील असे, आणि पातळ भिंतीपलीकडे इस्त्री करणाऱ्या मावशी दिवसभर उभ्या.

बाण सरकवणाऱ्याचा चेहरा मला दिसत नसे. झाकण उघडलं की दारातला उजेड थेट आत येतो आणि समोरचा माणूस नुसता काळा आकार होतो. दुरुस्तीला बोलावलेल्या वायरमनने बाण मागे आणला आणि चकतीवर लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढली. कुणी हात लावला तर रेघ तुटेल. दोन दिवसांनी रेघ तुटलेली होती, बाण नऊवर. वायरमनने तो पुन्हा साडेसातवर आणला.

मग खोलीत कुणाचं कुणाशी धड पटेना. ताईने, म्हणजे बाबांच्या मुलीने, वायरमनला विचारलं की तुम्हाला दर फेरीचे पैसे मिळतात, मग बाण सरकवणारे तुम्हीच तर नाही ना. वायरमनने चहाला आत आलेल्या मावशींकडे पाहिलं. मावशींना रोज लवकर घरी जायचं असतं आणि मशीन थांबलं की त्यांनाही थांबावं लागतं, एवढं त्या पाहण्यात होतं. मावशींनी ते ओळखलं.

"ताई, माझ्या बोटांना इस्त्रीचे चटके पुरेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या डब्यात ती कशाला घालू?"

"मावशी, मी कुठं नाव घेतलं?" वायरमन म्हणाला.

"नाव नाही घेतलंस. बघितलंस मात्र माझ्याकडेच."

त्या दिवसापासून मावशी आपला चहा बाहेर उभ्या राहून पिऊ लागल्या. मीही मनातून वायरमनलाच धरलं होतं. माझं झाकण उघडायची सवय त्याच्याच हाताला होती, एवढाच माझा पुरावा.

ताईच्या मनात आणखी एक गोष्ट होती. बाबांनी आता मशीनवरून बाजूला व्हावं, असं तिला वर्षभर वाटत होतं. बाप-लेक दुपारी याच खोलीत जेवतात. रोज ती "बाबा, मी काय म्हणते" अशी सुरुवात करी, बाबा वर पाहत, आणि ती मीठ बरोबर आहे ना, एवढंच विचारी.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी झाकण पुन्हा उघडलं. काळा आकार. स्क्रूड्रायव्हर चकतीच्या खाचेत बसला आणि बाण साडेसातवरून थेट दहावर गेला. मग झाकण उघडंच ठेवून तो माणूस मोटरकडे वळला आणि उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला. ते बाबा होते.

सुकलेल्या बेअरिंगमुळे मोटर शिट्टी मारल्यासारखी किंचाळत होती. दारात चादरींचं गाठोडं घेऊन ताई उभी होती. तिने हाक मारली. बाबा वळले नाहीत. तिने दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. बाबांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि समाधानाने मान डोलावली. तीन पावलांवर त्यांच्या मुलीने दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

मित्रांनो, वय झालं की माणसाच्या कानातून बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. बरंचसं बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून घरच्यांना कळत नाही, आणि त्यालाही नाही. बाबा लबाड नव्हते. त्यांच्या कानाने त्यांना आयुष्यभर खरं सांगितलं होतं, म्हणून खोटं बोलतो तो मीच, असं त्यांना वाटलं. तुमच्या घरातलं एखादं यंत्र पुन्हा पुन्हा थांबत असेल, तर त्याचं तोंड बांधू नका. ते का थांबतंय ते आधी शोधा. आणि माणूस सारखा चुकत असेल, तर त्याच्यावर आळ घेण्याआधी त्याच्या जवळ जा. मी वीज मोजतो. माणसाच्या बाबतीत माझा अंदाजही साफ चुकला.

ताईने गाठोडं खाली टाकलं आणि माझं लाल बटण दाबलं. मोटर गरगरत थांबली. बाबांनी डोळे उघडले.

"बाबा, आजपासून मशीन मी बघणार," ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच नाजूक आणि बारीक.

बाबांनी मान पुढे केली. "काय म्हणालीस? मोठ्यानं बोल."

वर्षभर हळुवारपणे सांगायचं म्हणून राखून ठेवलेलं ते वाक्य तिला ओरडून सांगावं लागलं. भिंतीपलीकडे इस्त्री थांबली.

"बाबा, आजपासून मशीन मी बघणार. तुम्ही नाही."