बांड्याच्या पाठीवरची दवाई

मित्रांनो, मी आंबागडचा एक म्हातारा बैल आहे. माझं नाव कोस्या. आमच्या भागात कोशाचं, म्हणजे फिकट सोनेरी टसर रेशमाचं, कापड विणतात, तसा माझा रंग आहे, म्हणून हे नाव पडलं. माझे मालक यादोराव यांच्या कोठ्यात, म्हणजे तुम्ही ज्याला गोठा म्हणता त्यात, मी एकटाच बांधलेला असतो. समोर गव्हाण आहे, वर कौलं आहेत, आणि दारातून किल्ल्याच्या डोंगराचा एक तुकडा दिसतो. दिवसभर बघायला मला तेवढंच आहे.

पूर्वी आम्ही दोघे होतो. माझ्या जोडीदाराचं नाव बांड्या. अंगावर पांढरे-काळे ठिपके असलेला, उंच वशिंडाचा बैल. तो याच कोठ्यात जन्मला होता, यादोरावांच्या गाईचा गोऱ्हा. मला साकोलीच्या बाजारातून आणलं. म्हणून यादोरावांचा जीव बांड्यावर थोडा जास्त होता. वैरण आधी त्याच्यापुढे पडायची, मग माझ्यापुढे. मला त्याचं वाईट वाटत नसे. बांड्या त्याच्या वाट्यातलं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, तोंडाने माझ्याकडे ढकलायचा.

नऊ वर्षं आम्ही एकाच जुवाखाली काम केलं. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, चिखलणी, हिवाळ्यात धानाचे भारे खळ्यावर आणणं. गावात ट्रॅक्टर आला, तरी तलावाखालच्या लहान बांध्यांमध्ये तो वळत नसे. तिथे आम्हालाच बोलवायचे. यादोरावांची जोडी चिखलात एकदाही अडत नाही, असं लोक म्हणायचे. ते ऐकून यादोराव दोघांच्या मानेवरून हात फिरवत.

आमचा एकच त्रास होता, आणि तो फार लहान होता. तुरीच्या दाण्याएवढा. तो म्हणजे गोचीड.

गोचीड चावते तेव्हा कळतसुद्धा नाही. ती कानाच्या आत, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीच्या घडीत, शेपटीच्या खाली, जांघेत जाऊन बसते आणि रक्त पिऊन फुगत जाते. एक असली तर खाज सुटते. शंभर असल्या की अंगातला जीवच उतरतो. त्यात पावसाळ्याच्या तोंडावर चावणाऱ्या माश्या येत. आमचा शेणाचा ढीग कोठ्याच्या भिंतीला लागूनच होता, आणि माश्या त्यातच वाढत. यादोराव रोज संध्याकाळी कडुनिंबाचा पाला जाळून धूर करत. दुपारी बसून आमच्या अंगावरच्या गोचिडी वेचत आणि दारातून बाहेर फेकत. माणूस मायाळू होता. पण फेकलेल्या गोचिडी चालत परत येत, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

ते त्यांच्या सुनेच्या लक्षात आलं. तिचं नाव राखी. तिचा नवरा अमर चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत कामाला जातो, म्हणून घरची गुरं तीच बघते. तिने पशुसखीचं, म्हणजे गावातल्या गुरांवर प्राथमिक उपचार करणाऱ्या बाईचं, प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं आणि आठवड्यातून दोनदा तुमसरला जाऊ लागली. परत आली की कोठ्यात येऊन भिंतींच्या भेगा काडीने उकरून बघायची. एकदा तिने एका भेगेतून इतक्या गोचिडी काढल्या की तिची ओंजळ भरली असती. तिने यादोरावांना बोलावून दाखवलं.

"मामाजी, गोचीड बैलावर कमी अन् भिंतीत जास्त हाय," ती म्हणाली. "रक्त पिऊन खाली पडते, भेगेत हजारो अंडे घालते. नुसता बैल साफ करून नाही होत."

यादोराव हसले. मी तुझ्या जन्माच्या आधीपासून गुरं पाळतो, असं म्हणून ते निघून गेले. राखीने वाद घातला नाही. त्या घरात सून सासऱ्याशी वाद घालत नाही.

त्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात बांड्याची तब्येत उतरली. त्याच्या अंगावर गोचिडींचे घोसच्या घोस लागले होते. केस निस्तेज झाले, तो खाली मान घालून उभा राहू लागला. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, जवळ आली होती. राखीने गुरांच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. सोमवारी ती तुमसरला जाणारच होती, तेव्हा येताना योग्य ते औषध घेऊन येईन, तोवर थांबा, असं तिने सासऱ्यांना सांगितलं.

सोमवारी सकाळी ती गेली. यादोराव कोठ्यात आले आणि बराच वेळ बांड्याकडे बघत बसले. बांड्या पाठ घासायला भिंतीपाशी सरकत होता आणि त्याच्या कातडीतून रक्त येत होतं. त्यांना ते बघवलं नाही. ते उठले आणि माळ्यावरून एक बाटली घेऊन आले. धानावर खोडकिडा पडला होता तेव्हा फवारलेल्या दवाईतली उरलेली होती ती.

अंगणातून त्यांच्या बायकोने, चंद्रभागाबाईंनी विचारलं की हे काय करता, राखीला तर येऊ द्या.

"धानाचा किडा यानं मरते, मंग बैलाचा काहून नाही मरणार?" ते म्हणाले.

त्यांनी त्यात पाणीसुद्धा फारसं घातलं नाही. चिंधी बुडवून बांड्याच्या पाठीवर, मानेवर, पोटाखाली चोळली. गोचिडी खरोखरच टपटप खाली पडल्या. यादोरावांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. मग ते माझ्याकडे वळले, पण बाटली रिकामी झाली होती. त्यांनी माझ्या कपाळावर थोपटलं आणि तुझं उद्या करू म्हणाले.

मित्रांनो, मी वाचलो तो एवढ्यासाठीच. त्या घरात माझा नंबर नेहमी दुसरा होता.

आम्ही बैल ओलं अंग चाटतो. बांड्याने मान वळवली आणि आपली पाठ चाटली. थोड्या वेळाने त्याच्या तोंडातून लाळेची तार सुटली. मग त्याची मांडी थरथरू लागली, मग सगळं अंग. यादोराव पाण्याची बादली घेऊन धावले, चंद्रभागाबाई डॉक्टरांना फोन लावत राहिल्या. डॉक्टर मोटारसायकलवरून आले. त्यांनी सुया दिल्या, साबण लावून अंग धुवायला लावलं. पण विष कातडीतून आणि पोटातून आत गेलं होतं. बांड्या पुढच्या गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो आणि माझं दावं तितकं लांब नव्हतं. ऊन उतरायच्या आत तो गेला. राखी औषधाची पिशवी घेऊन दारात आली, ती त्यानंतर.

त्यानंतर यादोरावांनी गावाला सांगितलं की बांड्या तापाने गेला. लोक भेटायला आले. इतक्या मायेने गुरं पाळणाऱ्या माणसावर ही वेळ यावी, असं म्हणाले. जो तो त्यांचं कौतुक करी, आणि यादोराव मान खाली घालून बसत. खरं काय ते घरच्या माणसांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. ते कोठ्यात येईनासे झाले. माझं वैरणपाणी राखी बघू लागली.

तिने न विचारता कामाला सुरुवात केली. शेणाचा ढीग भिंतीपासून हलवून दूर खड्ड्यात नेला आणि झाकला. भिंतींच्या भेगा मातीने लिंपल्या, वर चुना दिला. औषधाच्या दिवशी सकाळी थंड वेळेला आधी मला पोटभर पाणी पाजलं. हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, औषध मापाने पाण्यात मिसळलं. मग मला बाहेर झाडाखाली बांधून, डोळे आणि जखमा वाचवून केसांच्या उलट दिशेने फवारलं, आणि अंग वाळेपर्यंत चाटू नये म्हणून तोंडाला मुसकं बांधलं. माझ्यामागे रिकाम्या कोठ्यातही फवारलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला तिने तेच पुन्हा केलं, कारण अंड्यांतून मागाहून नवी पिल्लं निघतात. हळूहळू माझं अंग हलकं झालं. इतकं हलकं मला तरुणपणीसुद्धा वाटलं नव्हतं. पण ते सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

पोळा आला. बैलांच्या जोड्या तोरणाखाली गेल्या. एकट्या बैलाला कोण नेणार? मी कोठ्यातून वाजंत्री ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं पळसाच्या फांद्या घेऊन गल्लीतून ओरडत गेली, माश्या-मच्छर आणि सगळी रोगराई मारबतीने, म्हणजे या दिवशी गावाबाहेर हाकलतात त्या पीडेने, आपल्याबरोबर घेऊन जावी म्हणून. त्यांचा आवाज गावाच्या शिवेपर्यंत ऐकू आला, मग थांबला.

चार दिवसांनी राखी मला दोराने धरून ग्रामपंचायतीसमोर घेऊन गेली. गोचिडीचं औषध कसं मारायचं ते तिला गावाला दाखवायचं होतं, आणि त्यासाठी एक जनावर हवं होतं. वीस-पंचवीस माणसं जमली होती. ती माप दाखवत होती तेवढ्यात मंगेश नावाचा एक शेतकरी म्हणाला की एवढं मोजमाप कशाला, धानाची दवाई चोळली की दोन मिनिटांत काम होतं. दोघा-तिघांनी मान डोलावली.

राखीने हातातलं माप खाली ठेवलं. तिच्या हातातला माझा दोर घट्ट झाला. तिला उत्तर ठाऊक होतं, पण ते दिलं असतं तर भर गावात सासऱ्याची मान खाली गेली असती. न दिलं असतं तर आणखी कोणाचं तरी जनावर गेलं असतं. ती जमिनीकडे बघत राहिली.

तेव्हा मागच्या पारावरून यादोराव उठले. ते आलेले आहेत हे मला माहीतच नव्हतं. ते लोकांमधून वाट काढत पुढे आले आणि राखीच्या हातातून माझा दोर त्यांनी आपल्या हातात घेतला. तीन महिन्यांनी त्यांच्या अंगाचा वास मला आला.

"माहा बांड्या तापानं नाही मेला," ते म्हणाले. "मी धानाची दवाई त्याच्या पाठीवर चोळली. राखीनं औषध येईपर्यंत थांबाले सांगतलं होतं, मी थांबलो नाही. माह्या हातानं मेला तो."

मंगेशने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. पुढे बसलेल्या देवकाबाई नावाच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई उठल्या आणि घराकडे चालत्या झाल्या. त्यांना राग आला असेल असं लोकांना वाटलं. थोड्या वेळाने त्या पदराखाली एक बाटली घेऊन परत आल्या आणि राखीपुढे ठेवली.

"आज दोपारी गाईले लावणार होती मी," एवढंच त्या म्हणाल्या.

राखीने फवारणी केली तेव्हा दोर यादोरावांनी धरला होता. फवारणी संपेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

मित्रांनो, आता मला काम नाही. एका बैलाने चिखलणी होत नाही, आणि या वयात मला नवा जोडीदार कोण आणणार? यादोराव रोज सकाळी येतात, माझे कान उलटून बघतात, पोळीखाली बोटं फिरवतात. मग शेताकडे निघून जातात आणि दिवस माझा एकट्याचा होतो.

तुमच्या घरी गाय, म्हैस, बैल, शेळी काहीही असलं, तर रोज एकदा त्याच्या अंगावरून हात फिरवा. हात थांबेल तिथे वाकून बघा. आम्हाला सांगता येत नाही. कोठ्याच्या भेगा बुजवा, शेण दूर ठेवा, आणि औषध डॉक्टरांना विचारूनच द्या. आमच्यावर माया करणारी माणसं आम्हाला पुष्कळ मिळतात. त्यांनी माया करताना एवढं विचारून घ्यावं, बस.

देवकाबाईंची गाय मी कधी पाहिलेली नाही. ती पलीकडच्या गल्लीत असते. पण संध्याकाळी धारेच्या वेळी ती हंबरते, तो आवाज कौलांवरून माझ्यापर्यंत येतो. मी कान तिकडे करतो. काल ती दोनदा हंबरली.